न आटणारं तेल

दसऱ्याच्या दिवशी सकाळी प्रेमानंद रामटेके अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरला. दरवर्षी या दिवशी तो आणि त्याची बायको कांता नागपूरला दीक्षाभूमीवर जात. यंदा उन्हाळ्यात कांताची डावी बाजू गेली. हात गेला, पाय गेला. तोंड वाकडं झालं होतं ते मात्र सरळ झालं, तेवढीच दया. तिला एकटी टाकून जाता येत नव्हतं, आणि भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला नुसतं बसून राहणं जमत नव्हतं. म्हणून त्यानं गाडीचं तेल आणि तेलाचा फिल्टर बदलायला काढला.

गाडी जुनी, छोटी, एकेकाळी पांढरी. ती शालिकराम कापगतेची. प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये दोघं एकाच शिफ्टला होते. रिटायर झाल्यावर शालिकराम जवळच्या उतई गावी शेती घेऊन राहिला आणि प्रेमानंदनं भिलाईतच स्मृती नगरात घर बांधलं. कांताला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं तर ऑटोत ती एका अंगाला घसरत जायची. हे कानावर गेलं तसा शालिकराम स्वतः गाडी घेऊन दारात आला.

"ठेव बे. वैनीले ने-आण कर. कागदाचं पाहू मंग," तो म्हणाला आणि बसनं परत गेला.

माणूस असा सोन्यासारखा, पण गाडी घाण. शालिकरामला गुडाखूचं व्यसन. तंबाखू आणि काकवीचं ते काळं, लोण्यासारखं मंजन. इकडे निम्मे लोक सकाळसंध्याकाळ हिरड्यांवर घासत बसतात. शालिकराम डावखोरा. लहानपणी त्याच्या डाव्या तर्जनीचं टोक कडबा कापायच्या यंत्रात गेलं, म्हणून तर्जनी दुमडून मधल्या बोटानं तो गुडाखू घासायचा, गाडी चालवतानासुद्धा, आणि खिडकीतून थुंकायचा. प्रेमानंदनं गाडी आल्याबरोबर सीटा साबणानं घासल्या, दारावरचे ओघळ खरवडले. वास गेला नाही.

तेल सोडायचा खालचा बोल्ट त्यानं ढिला केला आणि घमेलं सरकवलं. तेल आलं, पण पडलं नाही. एका जाड तारेसारखं लोंबत, डुलत खाली उतरलं, आणि घमेल्याला टेकल्यावरही ती तार तुटेना. लाळेची तुटत नाही तशी. प्रेमानंदनं बोट लावून पाहिलं. कोमट होतं. गाडी आदल्या दिवसापासून सुरू केलेली नव्हती.

फिल्टर इंजिनाला असा चिकटून बसला होता की पान्याला दाद देईना. अशा वेळी करतात तेच त्यानं केलं. डब्यातून पेचकस आरपार ठोकायचा आणि त्याची दांडी धरून डबा फिरवायचा. पत्र्यात पेचकस जाताना टण्ण आवाज येतो. इथे आला नाही. पिकल्या पपईत सुरी जावी तसा पेचकस आत गेला. भोकातून काळं मनगटावर आलं, कोपरापर्यंत ओघळलं आणि एक थेंब त्याच्या ओठावर पडला. तो थू थू करत बाहेर आला, नळाखाली तोंड धरलं, चूळ भरली, परत भरली. चव जात नव्हती. गोड होती.

काढलेला फिल्टर कापून बघायची त्याला प्लांटची सवय. आत लोखंडाचा कीस दिसला तर इंजिन कुठे झिजतंय ते कळतं. त्यानं छिन्नीनं डबा चिरला. कीस नव्हता. घड्या घातलेला कागद असतो तो फुगून मऊ झाला होता, ओलसर, करडा-गुलाबी, म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांसारखा. दोन घड्यांच्या मध्ये नखाची एक कोर अडकली होती. त्यानं डबा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला रीतीप्रमाणे बोटानं तेल चोळलं, तो हातानं आवळला, खालचा बोल्ट बसवला, नवं तेल भरलं आणि आत जाऊन कांताला म्हणाला, "शालिकराम्यानं जन्मात फिल्टर बदलला नसंल. काय घाण, काय घाण!"

"तोंड पुसा आधी," कांता म्हणाली. "दात काळे दिसून राहिले तुमचे."

घमेल्यातलं तेल मात्र त्यानं ओतून दिलं नाही. भिलाईत जळकं तेल कोणी ओतून देत नाही. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावतात, फाटकाच्या बिजागरीला लावतात, आणि खाटेच्या पायांना मुंग्यांसाठी. कांताला साखरेचा आजार. तिच्या खाटेवर लाल मुंग्या चढायच्या, आणि डाव्या बाजूला चावल्या तरी तिला कळायचं नाही. सकाळी चादर उचलली की दंडावर पुळ्या दिसायच्या. प्रेमानंदनं नाकाला गमछा बांधून चिंधीनं खाटेचे चारही पाय माखले.

दुपारी ती झोपेत असताना तिचा मेलेला हात खाटेवरून खाली लोंबला आणि खाटेच्या पायाला घासत राहिला. उठवून पाहतो तो बोटं काळी. त्यानं रॉकेल लावून पुसली. वास राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांतानं त्याला हाक मारली. आवाज असा की तो हातातला चहा सांडत धावला.

"पाहा," ती म्हणाली.

डाव्या हाताचं मधलं बोट हललं. थांबलं. परत हललं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, पायाचं सांगता येत नाही, हात येणार नाही. प्रेमानंदला रडू आलं ते त्यानं गमछ्यात लपवलं. रायपूरला नोकरीत असलेल्या पोरीला, आम्रपालीला, फोन लावला. ती "सच्ची, बाबा? आईले फोन द्या ना!" म्हणून ओरडली.

कांताला हात का हवा होता ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. स्वयंपाकासाठी नाही, वेणीसाठी नाही. तिला स्वतःला स्वतः धुवायचं होतं. रोज सकाळी प्रेमानंद तिच्याखाली भांडं सरकवायचा, मग पाणी घेऊन तिला धुवायचा, आणि ती तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायची. तो कधी काही बोलला नाही. पण वास आला की माणसाचं नाक जरासं आखडतं, ते त्याच्या हातात नव्हतं, आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला न बघताही ते कळत होतं.

"मले माह्या हातानं धुता आलं ना जी," ती म्हणायची, "तर बाकी काई नको मले."

पाच-सहा दिवसांत बोटं पुन्हा ढिली पडली. खाटेच्या पायांवरचं तेल वाळलं होतं. प्रेमानंद भूतबाधा, अंगारे-धुपारे मानणारा नव्हता. बापानं बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन देव्हारा घराबाहेर काढला तेव्हाच ते सगळं संपलं होतं. तरी तो मागच्या अंगणात गेला आणि घमेल्यात उरलेलं बोटावर घेऊन तिच्या बोटांना चोळलं. मालिशीची ऊब, दुसरं काय, असं स्वतःला सांगत चोळलं. संध्याकाळी तिनं मूठ वळली.

घमेलं संपलं, तेव्हा त्यानं गाडीचं बॉनेट उघडून तेल बघायची पट्टी ओढून काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं. गाडीचं तेल घटतं, जळतं, गळतं; वाढत नाही. वाढलंच तर त्यात पेट्रोल तरी उतरतं, नाहीतर पाणी. पेट्रोलचा वास नव्हता. पाण्यानं तेल ताकासारखं पांढरं होतं, ते नव्हतं. पट्टीवरून काळी तार लोंबत होती. त्यानं नवा फिल्टर फिरवून काढला. त्याची तोंडाकडची भोकं आतून काळ्यानं भरून आली होती, आणि तो हातात घेतला तर कोमट, जड, आणि किंचित दबत होता.

तेव्हापासून रोज जेवणानंतर हा कार्यक्रम झाला. फिल्टर सोडायचा, वाटीत उपडा करायचा, पुन्हा बसवायचा. मग कांताच्या खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायचं. तेल नेहमीसारखं हळूहळू कातडीत मुरत नव्हतं. आत जात होतं. डोळ्यांदेखत जायचं. मागे कोरडी, स्वच्छ कातडी राहायची. प्रेमानंद मग राखेनं, साबणानं, लिंबानं हात घासायचा आणि तरी भात चमच्यानं खायचा. कधी कधी घास तसाच थुंकून टाकायचा. उशीला, पडद्याला, पिण्याच्या पाण्याला, सगळ्याला तोच गोडसर शिळ्या तोंडाचा वास.

"मले बी येते वास," कांता म्हणाली. "पण हात येऊन राहिला ना."

हात आला. एका सकाळी तिनं त्याला भांडं ठेवून बाहेर जायला सांगितलं. आतून पाण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मग तिनं बोलावलं, तेव्हा तिचा चेहरा लग्नातल्यासारखा दिसत होता.

"तुमी सुटले, मी बी सुटली," ती म्हणाली आणि हसली. "आता नाक मुरडायले दुसरी पाहा."

त्यानंतरच्या एका सकाळची गोष्ट. प्रेमानंद चहा घेऊन आला तर कांता टेकून बसली होती आणि तिचा डावा हात तोंडात होता. तर्जनी तळहाताशी दुमडलेली. मधलं बोट खालच्या हिरडीवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सावकाश फिरत होतं. मध्येच थांबायचं, ओठ बाजूला सारायचं, पुन्हा फिरायचं. तिच्या हनुवटीवरून काळी लाळ ओघळली होती. जन्मभर गुडाखूवाल्या शेजारणींना उंबऱ्याबाहेर बसवणारी बाई ती. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

हात तोंडातून निघाल्यावर ती म्हणाली, "मी नाही करून राहिली जी. थो करते."

"कोन?"

तिनं हाताकडे पाहिलं. दुमडलेली तर्जनी अजून सरळ झाली नव्हती.

प्रेमानंदनं पेला खाली ठेवला, पायात चप्पल सरकवली, शेजारणीला कांताजवळ बसवलं आणि उतईची बस धरली. गाडी घेऊन जायचं धाडस त्याला झालं नाही.

शालिकराम पडवीत खुर्चीवर बसला होता. समोर वाळायला घातलेलं धान, त्यावर चिमण्या. प्रेमानंदला पाहताच तो मोठ्यानं ओरडला, "काबे रामटेक्या! गाडी वापस आनली का काय?" पण हात वर केला तो उजवा. डावा मांडीवर पडला होता. वाळलेला. मनगटाचं हाड वर आलेलं, कातडी त्यावर ढिली, कोरडी, आणि इतकी स्वच्छ की बघवत नव्हती.

"हे कधी झालं?"

"दसऱ्याले," मैनाबाई, त्याची बायको, चहा आणत म्हणाली. "संध्याकाळी सोनं द्याले लोक आले, अन् यायचा हात उठेच ना. दिवसभर मुंग्या येऊन राहिल्या म्हनत होते हातात. डॉक्टर म्हंते नस दबली."

"नस नाही अन् फिस नाही. हात चोरून नेला कोनीतरी," शालिकराम म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याचे दात पांढरे दिसत होते. "डावखोऱ्याचा डावा जावा, पाहा! गुडाखू बी सुटला. उजव्यानं मजाच नाही येत. अन् बाकीचं..." त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मी धुते," मैनाबाई म्हणाली. तिला त्याची लाज नव्हती. "लेकरासारखं. सांगू नये, पन तुमी घरचे."

शालिकरामनं मान धानाकडे वळवली. डोळे मिटून घेतले.

प्रेमानंदनं हा चेहरा ओळखला. घरी रोज पाहिला होता, भिंतीकडे वळलेला. पडवी मागे पडली आणि दुसरंच काहीतरी त्याच्यापुढे उभं राहिलं, आपल्या घरातलं, दाराआडचं, तो बराच वेळ येत राहिलेला पाण्याचा आवाज. ज्या हातानं कांता स्वतःला धुते, तो हात ह्याचा. त्यानं पेला तसाच ठेवला आणि अंगणाच्या कडेला जाऊन ओकला.

"शहराचं पोट झालं याचं," शालिकराम मागून म्हणाला. मग हळू आवाजात, "वैनी कशी आहे बे?"

"बरी आहे."

"हात?"

"हाव. येऊन राहिला."

"चांगलं झालं." तो मनापासून म्हणाला. "माहे पाय शाबूत आहेत, बाकी काई नाही. सकाळी वावरात चक्कर मारून येतो. पाय आहेत तोवर मानूस मानूस आहे." निघताना तो फाटकापर्यंत चालत आला. प्रेमानंदनं विचारलं, गाडीत तेल कधी बदललं होतंस? शालिकराम म्हणाला, "कायले बदलू? कमीच होत नव्हतं."

घरी आल्यावर प्रेमानंदनं वाटी फेकली, फिल्टर काढून नालीत टाकला, इंजिनाचं भोक चिंधीनं बंद केलं. कांताला फक्त म्हणाला, तेल संपलं. शालिकराम कसा आहे, असं तिनं विचारलं. बरा आहे, तो म्हणाला.

हात रोज थोडा थोडा उतरत गेला. आधी पकड गेली, मग मनगट, मग बोटं. एका सकाळी प्रेमानंद दूध आणायला गेला असताना कांतानं त्याची वाट न पाहता स्वतः करायचा प्रयत्न केला, आणि तो परत आला तेव्हा भांडं उलटं पडलं होतं. चादर, लुगडं, केस, सगळं भरलं होतं. त्यातच तो डावा हात पडला होता आणि त्यावर लाल मुंग्यांची रांग चढत होती.

त्यानं तिला उचललं, धुतलं, कपडे बदलले. या वेळी नाक आखडू नये म्हणून त्यानं श्वास रोखून धरला. तेही तिला कळलं.

"मले मारून टाका," भिंतीकडे बघून ती म्हणाली. "तेल आहे. मले वास येते बाहेरून. तुमी खोटं बोलून राहिले. कावून?"

"थो हात तुहा नाही कांता."

"माहीत आहे मले." ती म्हणाली. "माहा नाही, तुमचा नाही. पन त्या हाताले माही किळस नव्हती येत."

प्रेमानंद भरलेली चादर गोळा करू लागला.

"अन् आता नुसता हात नको," ती म्हणाली. "पायाले लावा. संडासले आपल्या पायानं जाईन. मंग तुमाले कधी बोलावनार नाही."

त्यानं अंगणात जाऊन बॉनेट उघडलं. कोंबलेली चिंधी बाहेर ढकलली गेली होती. फिल्टर नव्हताच, तरी भोकाच्या कडेला काळं दाटून उभं होतं, खाली न सांडता, काठोकाठ, तोंडात धरून ठेवल्यासारखं. त्यानं भांडी कोरडी करायच्या फळीवरून दुसरी वाटी आणली.

खाटेच्या पायथ्याशी बसून त्यानं कांताचं डावं पाऊल मांडीवर घेतलं. थंड, पांढरं, टाचेला भेगा पडलेलं. त्यानं वाटीत बोटं बुडवली. वास नाकात भरला, पण त्यानं तोंड फिरवलं नाही. घोट्यापासून सुरुवात केली, मग तळवा, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून. काळं आत जात होतं. कांता त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

खिडकीत ठेवलेला मोबाईल वाजला. पडद्यावर नाव आलं. उतई मैनावैनी.

कांताच्या पायाचा अंगठा वर उचलला.

फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला.

"उचला ना," कांता म्हणाली.

"हाताले तेल आहे," प्रेमानंद म्हणाला, आणि तिची टाच घट्ट धरून वर पोटरीकडे चोळू लागला.